शिल्लक कोणाची?

(साक्षरता वर्गाच्या सांगतेच्या दिवशी केलेले भाषण)



आज आपल्या वर्गाचा शेवटचा दिवस. वर्ग सुरू झाला तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळ जण अंगठा उठवीत होते. आज तुम्ही आपले नाव लिहिता. एस.टी.ची पाटी वाचता. आकडे तर फार चांगले वाचता. याचा आम्हांला आनंद आहे.

पण वाचता येऊ लागले की एक नवी जबाबदारी येते. वाचले ते समजले का, हे पाहण्याची. आज त्याविषयीच बोलायचे आहे. गोष्ट आमच्याच घरातली आहे. आमची धाकटी बहीण आज मागच्या रांगेत बसली आहे. ती आपल्या आधीच्या वर्गात शिकली. तिला विचारूनच ही गोष्ट सांगतो. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, त्यानेही परवानगी दिली. "मामा, सांगा खुशाल, फक्त माझं नाव घेऊ नका," एवढेच तो म्हणाला. म्हणून नाव घेत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारी महिन्याची गोष्ट. संध्याकाळी बहीण धावतच आमच्याकडे आली. हातात मुलाचे बँकेचे पासबुक. चेहरा फुललेला.

"दादा, हे बघ. मी स्वतः वाचलं. पोरानं एकोणतीस हजार साठवलेत, आणि बोलला नाही बघ मला! पावसाळ्याच्या आधी घरावरचे पत्रे बदलून घेते. सुताराला सांगूनसुद्धा आले."

आम्ही पासबुक हातात घेतले. आकडा बरोबर होता. २९,०००. तिने एकही अंक चुकीचा वाचला नव्हता. पण आकड्याच्या पुढे इंग्रजीत दोन बारीक अक्षरे होती. 'डी' आणि 'आर'. ती तिला शिकवलीच नव्हती. चूक तिची नव्हे, शिकवणाऱ्याची.

मंडळी, पासबुकात आकड्यापुढे ही 'डीआर' अक्षरे असली, किंवा आकड्याआधी वजाबाकीची आडवी रेघ असली, तर ती रक्कम आपली नव्हे. ती बँकेची. ती आपण बँकेला देणे लागतो. 'सीआर' असेल तर ती आपली.

म्हणजे पोराने एकोणतीस हजार साठवले नव्हते. त्याच्यावर एकोणतीस हजारांचे कर्ज होते.

हे बहिणीला कसे सांगावे, ते आम्हांला कळेना. पण सांगितले. ती मटकन खाली बसली. मग म्हणाली, "सुताराला काय सांगू?"

आता हे कर्ज झाले कसे, ते पाहू.

भाचा तेव्हा तेवीस वर्षांचा. तालुक्याच्या गावी एका गोदामात नोकरी. महिन्याला पंधरा हजार पगार. पगार बँकेत जमा होई. बँकेने त्याला त्या पगारावर ओव्हरड्राफ्ट दिला होता. ओव्हरड्राफ्ट म्हणजे काय? खात्यात आपले पैसे संपले तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँक उचल देते. त्याची मर्यादा होती तीस हजार. व्याज शेकडा बारा, वर्षाला. जेवढी उचल, जेवढे दिवस, तेवढेच व्याज.

सोय वाईट नाही. जनधन खात्यावरही अशी सोय आहे. २०१४ साली ही योजना निघाली. आधी पाच हजारांपर्यंत उचल मिळे. २०१८ साली ती दहा हजार झाली. खाते सहा महिने नीट चालवलेले असावे लागते. घरातल्या एकाच खात्यावर ती मिळते, आणि शक्यतो घरच्या बाईच्या खात्यावर. आजारपण आले, बियाणे आणायचे झाले, तर सावकाराच्या दारी जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

पण हिच्यात एक चकवा आहे. मोबाइलवर खाते उघडले की 'उपलब्ध रक्कम' म्हणून आकडा दिसतो. त्या आकड्यात बँकेची मर्यादाही धरलेली असते. पोराला वाटे, अजून दहा हजार आहेत आपल्याकडे. नव्हते. दहा हजार उचलायला मोकळीक होती एवढेच. मर्यादा म्हणजे शिल्लक नव्हे. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्या पाटात आले, म्हणून विहीर आपली होत नाही.

रात्री भाचा घरी आला. आम्ही तेथेच होतो. आईच्या हातात पासबुक पाहून तो काय समजायचे ते समजला. मान खाली घातली. मग हळूहळू सगळे सांगितले. त्या रात्री तो मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवरून पाच हजारांचे कर्ज काढणार होता, बँकेचे व्याज भरायला! अ‍ॅप त्याचा फोटो मागत होते. फोनमधले सगळ्यांचे नंबर मागत होते. उद्या हप्ता चुकला तर त्या नंबरांवर फोन जाणार, आणि घरची अब्रू चव्हाट्यावर येणार. असे कर्ज देणारा कोण, कोणत्या बँकेचा, व्याज किती, हे कागदावर स्वच्छ वाचल्याखेरीज बोटसुद्धा लावू नये. ते आम्ही तेथेच बंद करायला लावले.

आम्ही त्याला रागावलो नाही. का, ते सांगतो. आम्हीही त्या वयाचे होतो. नवी नोकरी, नवा संसार. गावच्या वाण्याकडे आमचे खाते होते. साखर, तेल, कापड, सगळे खात्यावर. पैसे रोख द्यायचे नाहीत, म्हणून वस्तू फुकट आल्यासारखी वाटे. पगार झाला की निम्मा वाण्याला. मग महिनाभर पुन्हा खाते. आणि घरात आम्ही यातले काही सांगितले नव्हते. गुरुजी म्हणवतो, आणि उधारीत बुडालो, हे बायकोला कसे सांगायचे? उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण आम्ही मुलांना फळ्यावर लिहून देत होतो. स्वतः मात्र तेच पोते उचलीत होतो. शेवटी वाण्यानेच एक दिवस घरी निरोप धाडला. त्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी एक वही केली. रोजचा खर्च तीत लिहायचा. त्या वहीने आम्हांला दोन वर्षांत वर काढले.

म्हणून आम्ही भाच्याला म्हणालो, "जा, एक वही आण."

तिघे बसलो. प्रथम कर्ज कशाचे ते पाहिले. बारा हजारांचा मोबाइल. मित्राच्या लग्नातले कपडे आणि आहेर, आठ हजार. झाले वीस. मग उरलेले नऊ हजार कुठे गेले? ते त्याला सांगता येईना. म्हणून महिन्याचा खर्च लिहायला बसवले. त्याने लिहिला तो असा:

आईकडे घरखर्चाला ६,०००
मोटारसायकलचा हप्ता २,६००
पेट्रोल १,८००
मोबाइलचे रिचार्ज ३००
चहा, वडापाव, पानपट्टी (रोज ८०) २,४००
मित्रमंडळी, वर्गण्या, सिनेमा १,५००
कपडे व किरकोळ ९००

बेरीज तुम्हीच करा. १५,५०० होते. पगार १५,०००. म्हणजे दर महिन्याला पाचशे कमी. त्यात बँकेचे व्याज, महिन्याला दीड-दोनशे. साडेसहा-सातशेचा खड्डा दर महिन्याला पडत होता. असे चौदा महिने गेले. नऊ हजार झाले. कोणी चोरी केली नाही, कोणी जुगार खेळला नाही. थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे ते आटतेही.

बहीण लगेच म्हणाली, "मला सहा हजार नको देऊस. चार दे." आम्ही नाही म्हणालो. घरचे धान्य आणि आईचे औषध कापून कर्ज फेडायचे नाही. तसे फेडलेले कर्ज दुसऱ्या वाटेने परत येते. कापायचे ते आपल्या हौसेचे.

मग एकेक ओळ घेतली. डबा घरून न्यायचा. चहा-पानाचे रोज ऐंशीचे चाळीस झाले, बाराशे वाचले. त्याच गोदामात जाणारा शेजारचा मुलगा होता. दोघांनी एकाच गाडीवर जायचे, पेट्रोल वाटून घ्यायचे. आठशे वाचले. मित्रांच्या खात्यात एक हजार कमी. कपड्यांत पाचशे कमी. एकूण साडेतीन हजार. खर्च आला बारा हजारांवर. उरले तीन हजार.

या तीन हजारांचे दोन भाग केले. अडीच हजार कर्जाला. पाचशे आईच्या पोस्टातल्या खात्यात, अडीअडचणीसाठी. तुम्ही विचाराल, डोक्यावर कर्ज असताना साठवायचे कशाला? गाडीचा टायर फुटणारच. कोणी आजारी पडणारच. त्या दिवशी हाती काही नसेल तर पुन्हा उचल करावी लागते, आणि माणसाचा धीर सुटतो. पाचशे रुपये हा त्या धीराचा खर्च.

आता एक महत्त्वाची गोष्ट. नीट ध्यानात ठेवा. कर्ज मोजायचे केव्हा? पगाराच्या दिवशी मोजू नये. भाच्याचे पहा. पगाराच्या आदल्या दिवशी देणे २९,०००. दुसऱ्या दिवशी पगार जमा झाला, देणे राहिले १४,०००. त्याला वाटे, अर्धे फिटले! आणि महिनाअखेर पुन्हा २९,०००. खड्ड्यात माती टाकायची आणि तीच उकरून न्यायची, तसे चालले होते. म्हणून आम्ही सांगितले, दर महिन्याला पगाराच्या आदल्या दिवशी पासबुक भरून आणायचे आणि आकडा वहीत लिहायचा. तो मागच्या महिन्याच्या आकड्यापेक्षा कमी असला, तरच कर्ज फिटते आहे.

शेतकऱ्याला महिन्याचा पगार नाही. त्याने पीक हाती येण्याच्या आधी मोजावे. दूध घालणाऱ्याने दुधाचे बिल येण्याच्या आदल्या दिवशी मोजावे.

दुसरी गोष्ट. मर्यादा उतरवायची. बँकेत लेखी अर्ज दिला की उचलीची मर्यादा कमी करून घेता येते. भाच्याने दर तीन महिन्यांनी अर्ज दिला. तीस हजारांची मर्यादा जूनमध्ये तेवीस हजार केली. सप्टेंबरमध्ये सोळा. डिसेंबरमध्ये आठ. जेवढे चढून आलो, तेवढी मागची शिडी काढून घ्यायची.

त्याचा उपयोग कसा झाला, ऐका. सप्टेंबरच्या शेवटी मित्रांनी गोव्याला जायचा बेत केला. प्रत्येकी चार हजार. मन मोहात पडले. त्याने मोबाइलवरून पैसे पाठवायला घेतले. पैसे जाईनात. देणे तेव्हा साडेबारा हजारांवर होते आणि मर्यादा सोळा. सगळ्या मित्रांसमोर तो खजील झाला. दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला, वही पुढे टाकली आणि म्हणाला, "मामा, हा महिना पण उतरलाय." आम्ही काही बोललो नाही. आकडा पाहिला आणि चहा ठेवायला सांगितला.

२०२५ च्या एक मार्चला तेरावा पगार झाला, आणि राहिलेले शेवटचे दोन-अडीचशे रुपयेही फिटले. त्याने ओव्हरड्राफ्ट बंद करण्याचा अर्ज दिला आणि बंद झाल्याचा कागद बँकेकडून मागून घेतला. हा कागद घ्यायला विसरू नका. फेडले म्हणून भागत नाही. फेडल्याचा कागद हवा.

आता थोडे मागे जाऊ. कागदाचे महत्त्व आपल्या मुलुखाने फार महाग किंमत देऊन ओळखले आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. त्यांनी कर्जरोखे आणि हिशोबाच्या वह्या हिसकावून जाळल्या. हा दंगा पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरला. का जाळल्या वह्या? कारण त्यांत काय लिहिले आहे, ते बहुतेकांना वाचता येत नव्हते. अंगठा मात्र त्यांचा होता. पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पैसे भरल्याची पावती आणि खात्याचा लेखी हिशोब मागण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. पण हक्क मिळाला तरी हिशोब वाचणार कोण? हातातला कागद न वाचणाऱ्याला मुकाच असतो.

आज ते सावकारी राज्य राहिले नाही. तरी सावकार आहेत. महाराष्ट्रात सावकारी करायला २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवाना नसलेला माणूस 'शेकडा तीन' म्हणतो, तेव्हा ते महिन्याचे असते. वर्षाचे बारा महिने. बारा त्रिक छत्तीस. शंभरावर छत्तीस रुपये! भाच्याच्या बँकेचे वर्षाचे बारा होते. म्हणून व्याज विचारताना नेहमी दोन प्रश्न विचारा. किती? आणि महिन्याचे की वर्षाचे? अंगावर दोन-तीन कर्जे असतील, तर ज्याचे व्याज सर्वांत जड ते आधी फेडा. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते तेवढे चालू ठेवा.

आणि शेतकरी बांधवांनो, तुम्ही 'नवे-जुने' करता ना? किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली निघाले. तेही असेच उचलीचे खाते. लागेल तसे काढा, पीक आले की भरा. वेळेवर भरले तर व्याजात सरकारी सवलत. पण मार्चअखेर आली की काही जण सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे आणतात, बँकेत भरतात, कर्ज फिटल्याचे दाखवतात आणि लगेच पुन्हा उचलतात. कागदावर कर्ज नवे झाले. खरे तर ते जुनेच आहे, आणि वर सावकाराचे चार दिवसांचे व्याज. भाच्याच्या पंधरा हजारांची गोष्ट आणि ही गोष्ट एकच आहे. ज्या वर्षी पीक बरे येईल, त्या वर्षी पूर्ण भरल्यावर थोडे कमी उचला. लाख भरले तर नव्वद हजारच काढा. दरसाल दहा हजार उतरले, तरी दहा वर्षांनी जमीन मोकळी. पीक बुडाले तर लपून बसू नका. लगेच बँकेत जा आणि काय झाले ते सांगा. मुदत वाढवून मागता येते.

भगिनींनो, तुम्हांला एक वेगळे सांगणे आहे. खाते तुमच्या नावाचे असेल तर कर्जही तुमच्या नावाचे होते. "इथे सही कर" असे घरच्याने म्हटले तरी आधी वाचा. किती उचल, कशासाठी, फेडणार कोण, हे विचारा. विचारण्यात अविश्वास नाही. मोबाइलवर आलेला ओटीपी तर कोणालाही सांगू नका. बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालासुद्धा नाही.

आता संपवतो. हे सारे लक्षात कसे ठेवायचे? चार कामे करा.

एक, महिनाभर रोजचा खर्च लिहा, चहासकट.
दोन, पैसे हाती येताच कर्जाचा भाग आधी बाजूला काढा. उरले तर देऊ म्हणाल, तर उरत नाही.
तीन, देणे सर्वांत जास्त असते त्या दिवशी मोजा.
चार, घरात सांगा. लपवलेले कर्ज एकट्याचे असते. सांगितलेले कर्ज सगळे मिळून उचलतात.

बहिणीच्या घरी आता काय चालले आहे, असे तुम्ही मनात विचारीत असाल. पोस्टातल्या पैशांतून टायरला अठराशे गेले. बाकीचे तसेच होते. कर्ज फिटल्यावर दर महिन्याचे तीन हजार त्यांतच पडू लागले. यंदा मृगाच्या आधी तेरा हजार हाती होते. त्याच सुताराला बोलावले. अर्ध्या घरावर नवे पत्रे पडले. रोख पैसे देऊन. उरलेले अर्धे घर पुढच्या उन्हाळ्यात. बँकेतून काढून एकदम सगळे करू, असे भाचा म्हणाला होता. बहिणीने ऐकले नाही. एक पावसाळा एका खोलीत पातेले ठेवू, असे ती म्हणाली.

आणि पासबुक आता तीच भरून आणते. आकडा वाचते. मग आकड्यापुढची दोन अक्षरे वाचते. मगच घडी घालून पेटीत ठेवते.

तुम्हीही घरी जा आणि आपापले पासबुक काढा. आज रात्रीच काढा. समजले नाही तर उद्या सकाळी आमच्या ओट्यावर या. आम्ही नोकरीतून निवृत्त झालो आहोत, शिकवण्यातून नाही.

एवढे बोलून आमचे भाषण पुरे करतो.